दोन वाजता येताल ना?

माझ्या आठवणीतली पहिली प्रार्थना एका कोंबडीसाठी होती, आणि ती वाया गेली.

साल १९७२. मी आठ वर्षांची. आमचं गाव नेवासे तालुक्यात. ख्रिस्ती घरं वीस-बावीस, आणि मिशनची एका खोलीची शाळा. रविवारी बाकं दुसऱ्या तोंडानं फिरवली की तीच शाळा चर्च व्हायची. मागच्या फळ्यावर शनिवारचे पाढे तसेच असायचे, आणि उपदेश लांबला की मी मान वळवून तेरा नव्वे किती ते बघून घ्यायची. नगरला (आता अहिल्यानगर झालंय, माझ्या तोंडात अजून नगरच) अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ साली. त्यामुळे आमच्या भागात चार-चार पिढ्यांचे ख्रिस्ती असणं यात काही नवल नाही. आम्ही एकमेकांना सलाम करतो, भजनाला टाळ-मृदंग घेतो आणि नाताळात करंज्या करतो.

आणि कापणीचा सण करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुगी झाली की एका रविवारी जो तो आपल्या पिकातलं काहीतरी चर्चला आणतो. बाजरीची कणसं, भुईमूग, भोपळा, अंडी, कोंबडं, एखादं शेळीचं करडू. सगळं पुढं मांडायचं, उपकारस्तुती करायची, आणि उपासना संपली की अंगणात लिलाव. आलेले पैसे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामाला. लिलावात गंमत अशी की एखादा माणूस भोपळा विकत घेतो आणि "परत देवाला" म्हणून तिथंच ठेवून देतो. मग त्याचाच पुन्हा लिलाव. एकाच भोपळ्याचे तीन-तीनदा पैसे येतात.

पण १९७२ ला कसली सुगी? पाऊसच नव्हता. बाजरी वीतभर वाढून करपली. अख्खं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतं. घरात अमेरिकेहून आलेल्या मिलोच्या, म्हणजे लाल ज्वारीच्या भाकरी. त्यांचा वास मला आजही नको वाटतो. आम्हा पोरांना सुकडी मिळायची, तेवढीच गोड. पाळकसाहेबांनी सण रद्द करावा असं दोघा-तिघांनी सुचवलं होतं म्हणे. त्यांनी केला नाही. त्या दिवशी त्यांनी बायबलातला हबक्कूक वाचला, तो शेवटचा भाग. अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. माझ्या मागं एक म्हातारी पुटपुटली, "आपलंच लिवलंय की."

पुढच्या टेबलावर काय होतं ते मला नीट आठवतं. दोन-चार मूठ मिलो. एक वाळका भोपळा, कुणीतरी विहिरीच्या कडेला जगवलेला. सुकडीची एक वाटी. आमच्या आळीतल्या एका आजोबांनी फोडलेल्या खडीचा एक दगड आणून ठेवला होता. "यंदा हेच पिकलं," म्हणाले. लोक हसले, पाळकसाहेबही हसले, पण दगड कुणी उचलला नाही. आणि त्या दगडाशेजारी, पाय सुतळीनं बांधलेली आमची कवडी.

अंगावर कवड्यांसारखे ठिपके म्हणून कवडी. घरात तेवढी एकच कोंबडी उरली होती. एक दिवसाआड अंडं घालायची, आणि ते अंडं माझ्या धाकट्या भावाला मिळायचं, कारण तो अशक्त होता. मला फक्त ते गरम असताना हातात धरायला मिळायचं. आईनं तिला आणलेलं मला पसंत नव्हतं. मी सगळी उपासनाभर डोळे मिटून एकच मागत होते की कवडीला कुणी घेऊ नये.

लिलाव सुरू झाला. मास्तरांनी कवडी घेतली, अडीच रुपयाला, आणि म्हणाले, "परत देवाला." माझ्या छातीत धडधडायला लागलं. दुसऱ्यांदा मुकादमानं घेतली, तोही म्हणाला, "परत देवाला." आता मला खात्रीच पटली. मी डोळे मिटून बोलायची आणि कवडी टेबलावर परत यायची, हे मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. तिसऱ्यांदा परगावच्या एका पाहुण्यानं बोली लावली. एक वार, दोन वार, तीन वार. त्यानं पैसे मोजले, कवडीला काखेत धरलं, सायकलच्या हँडलला उलटी टांगली आणि तो निघून गेला.

मी रस्त्यापर्यंत रडत मागं गेले. आईनं मला दंडाला धरून परत आणलं. मारलं नाही, समजूतही घातली नाही. घरी आल्यावर चुलीपुढं बसून एवढंच म्हणाली, "देवाला दिलं ना? मंग त्याचं तो काय करतो ते बघाया मागं जायाचं नसतं."

हे वाक्य मला पटलं नाही. पुढची बरीच वर्षं पटलं नाही. मी मागं जाणाऱ्यातलीच निघाले.

नववीत असताना नगरहून संडे स्कूलला एक बाई यायच्या. त्यांनी आम्हाला वही करायला लावली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडं मागणी आणि तारीख, उजवीकडं उत्तर आणि तारीख. देव प्रार्थना ऐकतो हे डोळ्यांना दिसावं म्हणून. हेतू चांगला होता. मी मात्र त्या वहीचा किराणा दुकानदाराचा खतावणी-रोजमेळ करून टाकला. "भावाचा ताप" समोर "उतरला". "दादांना गुळाचे पैसे" समोर "निम्मे मिळाले". "मॅट्रिकला गणित" समोर "३५". बरोबर पस्तीस. त्यावर मी खाली बारीक अक्षरात "आभार" लिहिलंय, ते आता वाचताना हसू येतं. देवानं एक मार्कही जास्तीचा सांडला नाही.

ज्याचं उत्तर आलं नाही, तो रकाना मी कोरा ठेवायची आणि दर महिन्याला उलट जाऊन बघायची. थकबाकी.

१९८२ साली मी नर्सिंगला लागले. आमच्या घरांतून मुली एकतर डी.एड. करायच्या नाहीतर नर्सिंग. तिसरा रस्ता तेव्हा फारसा कुणी दाखवत नव्हतं. दुसऱ्या वर्षाला मला पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात नाइट लागली. चाळीस खाटा, एक स्टाफ सिस्टर, दोन शिकाऊ पोरी. खिडकीजवळच्या खाटेवर पाथर्डीकडचे एक बाबा होते, जन्मभर ऊसतोडीला गेलेले, दम्यानं पार पिंजून निघालेले. आडवं होता यायचं नाही. पुढं टेबल, टेबलावर उशी, उशीवर दोन्ही हात आणि हातांवर डोकं, असे रात्रभर बसून. मी आठला ड्यूटीवर गेले की नाडी बघायची, श्वास मोजायची, ऑक्सिजनच्या बाटलीत बुडबुडे येतायत ना ते बघायची, आणि सांगायची, "बाबा, आता दहाला येते."

ते मान न उचलता विचारायचे, "दहाला येताल ना?"

"येते."

दहाला गेले की, "बाराला येताल ना?" बाराला गेले की, "दोन वाजता येताल ना?" त्यांनी मला कधी विचारलं नाही की मी बरा होईन का. इंजेक्शन कशाचं आहे, घरी कधी सोडणार, डॉक्टर काय म्हणाले, काही नाही. आणि मी "येते" म्हटलं की त्यांचे खांदे खाली यायचे. हे मी बघितलेलं आहे. दम लागलेल्या माणसाचे खांदे कानापर्यंत चढलेले असतात. ते इतकुसे, बोटभर खाली यायचे. औषधानं उतरायला अर्धा तास लागायचा, पण हे लगेच. एका रात्री पलीकडच्या खाटेवर गडबड झाली आणि मला दोनऐवजी पावणेतीन झाले. गेले तर बाबा जागे. रागावले नाहीत. म्हणाले, "आल्या का? मी म्हनलं, काहीतरी काम निघालं आसंल."

मला वीस वर्षांच्या पोरीला स्वतःवर भरवसा नव्हता, आणि हा माणूस माझ्यावर टाकून बसला होता.

माझी आठवडी सुट्टी होती त्या दिवशी बाबांना डिस्चार्ज मिळाला. त्यांनी कधी माझं नाव विचारलं नव्हतं, मीही नंतर त्यांचा कागद काढून बघितला नाही. या सगळ्यातून मला तेव्हा काहीही सुचलं नाही, हे मुद्दाम सांगते. नाहीतर असं वाटेल की तिथंच माझे डोळे उघडले. डोळे मिटत होते खरं तर, नाइटमुळे.

वही चालूच राहिली. लग्न, क्वार्टर, मुलगा, मुलगी, भावाची नोकरी, सगळ्याचे रकाने आहेत. हे एस.टी.च्या वर्कशॉपला होते. शांत माणूस, पण जिभेला धार. २००६ साली यांच्या दोन्ही किडन्या गेल्याचं निघालं. साखर होतीच बरीच वर्षं. आठवड्याला दोन डायलिसिस सुरू झाले. मी नर्स, त्यामुळे मला खोटी आशा बाळगायची सोय नव्हती. क्रिएटिनीनचा आकडा मी यांच्या तोंडाआधी बघायची.

मंडळीनं खूप केलं, ते आधी सांगते. साखळी प्रार्थना लावल्या, बायकांनी डबे दिले, तरुण संघातल्या पोरांनी रक्त दिलं. पण कुणीतरी आग्रह केला म्हणून आम्ही एका मोठ्या मैदानावरच्या चंगाई सभेलाही, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करायच्या सभेलाही, गेलो. तिथल्या प्रचारकानं यांच्या डोक्याला तेल लावलं, मोठ्यानं प्रार्थना केली, आणि हे खुर्चीतून उठले तेव्हा पायात जोर नव्हता म्हणून पुन्हा बसले. त्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, तुमच्या घरात विश्वास कमी पडतोय."

मी काही बोलू शकले नाही. रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "मोहरीएवढा पुरतो असं लिहिलंय. हा माणूस कुठली मोहरी धरून चाललाय?" आणि मग दोघंही हसलो, इतके की रिक्षावाल्यानं आरशात बघितलं.

२००९ च्या पावसाळ्यात हे गेले. वहीत शेवटची नोंद डावीकडं आहे: "यांची तब्येत." उजवीकडं काही नाही. आमच्यात सांत्वनाला येणारे एक वाक्य हमखास बोलतात, की "नाही" हेही देवाचं उत्तरच असतं. असेल. पण मला ते फार स्वस्त वाटतं. ज्याच्या घरातली चप्पल दारात तशीच पडून आहे, त्याला व्याकरण शिकवू नये. मी त्या रकान्यात "नाही" लिहिलं नाही. वही ट्रंकेत टाकली.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष मी प्रार्थना केली नाही. चर्चला जात होते. आमच्या गल्लीत एक रविवार चुकला तर सोमवारी चार जणी दारात येतात. मागच्या बाकावर बसायचे. भजनं म्हणायचे, कारण भजन म्हणताना आपल्याला ते पटलंय का हे कुणी विचारत नाही. चाल आपल्याला ओढत नेते. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आमच्याकडं लहानपणापासून कानावर. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं टिळक म्हणायचे, आणि त्यांच्या भजनांत ते ऐकू येतंच. त्या दीड वर्षात मला त्या टाळांचा जेवढा आधार झाला तेवढा एकाही उपदेशाचा झाला नाही.

त्याच काळात लक्ष्मीबाई टिळकांची "स्मृतिचित्रे" पुन्हा वाचली. शाळेत धडा होता तेव्हा हसायला म्हणून वाचलं होतं. आता वेगळंच दिसलं. टिळकांचा बाप्तिस्मा झाला १८९५ ला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षं! नवरा पुढं निघून गेलाय, आणि ही बाई आपल्या पायांनी, आपल्या चालीनं, भांडत, रडत, सोवळं सांभाळत येतेय. तिला कुणी "विश्वास कमी पडतोय" म्हटलं असतं तर तिनं त्याचं काय केलं असतं या विचारानं मला बरं वाटायचं.

महिला मंडळाची सहल केडगावला गेली, दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. मला जायचं नव्हतं. बसमध्ये एक जागा रिकामी राहत होती म्हणून गेले. दुष्काळातून आणलेल्या मुली, त्यांना शिकवलेली कामं, छापखाना, हे सगळं पूर्वी ऐकलेलं. मी अडकले ते तारखांपाशी. रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ च्या जुलैत वारली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. मधे नऊ महिनेही नाहीत. आणि त्या महिन्यांत ही बाई बसून होती बायबलच्या भाषांतरापाशी, ज्याला तिनं कितीतरी वर्षं घातली होती, हिब्रू आणि ग्रीक शिकून. लेक गेल्यावर सकाळी उठून पुन्हा ते कागद पुढं ओढताना तिला काय वाटत असेल? माझ्याबरोबरच्या बायका म्हणाल्या, "केवढा विश्वास!" मला वाटलं, कदाचित नुसतं काम होतं पुढ्यात. सकाळ झाली, बसल्या. कदाचित त्यालाच विश्वास म्हणत असतील. मला अजून ठरवता आलेलं नाही.

आई तेव्हा माझ्याकडं राहायला आली होती. आईला लिहिता-वाचता येत नाही. पहाटे चारला उठून गोधडीतच बसते आणि प्रार्थना करते. लहानपणापासून तिची कुजबुज झोपेत ऐकलेली, पण शब्द कधी ऐकले नव्हते. एका पहाटे मी मुद्दाम कान दिला. ती नुसती नावं घेत होती. माझं, भावाचं, भावजयीचं, नातवंडांची, शेजारच्या मुसलमान भाभीचं, गावातल्या मेलेल्या-जित्या माणसांची, मधे एका म्हशीचंही. नाव, थोडं थांबणं, मग पुढचं नाव. मागणं काही नाही.

मी विचारलं, "आई, तू मागत का नाहीस काही?"

"काय मागू? त्याला ठावं हाय."

"मग नावं तरी कशाला घेतेस?"

ती माझ्याकडं अशी बघायला लागली जणू मी शाळा शिकून बिघडले. "आगं, भेटाया गेल्यावर इचारत न्हाई का, समदी बरी हायेत का म्हनून?"

याच्यानंतर साधारण महिन्याभरानं, २०११ सुरू झालं होतं, मी नाइट सुपरव्हिजनला होते. वॉर्डाच्या दाराशी उभी राहून रजिस्टर बघत होते आणि आतून एका नव्या पोरीचा आवाज आला, "आजी, झोपा आता. मी दोन वाजता येते." आणि आजीचा आवाज, "नक्की ना?"

मी रजिस्टर मिटलं. सत्तावीस वर्षं मागं, ते खिडकीजवळचे बाबा, उशीवर डोकं ठेवून. त्यांना बरं करणं माझ्या हातात नव्हतं, आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी माझ्याकडं बरं होणं कधी मागितलंच नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच की तू परत येशील का. आणि त्या उत्तरावर ते रात्र काढत होते. मी मात्र देवाला तीस वर्षं बाटलीतलं औषध, रिपोर्ट, डिस्चार्जची तारीख विचारत आले होते, आणि तो किती वेळा खाटेपाशी येऊन गेला याची एक ओळही माझ्या वहीत नव्हती. यांच्या शेवटच्या तीन वर्षांत डबे येत होते, पोरं रक्त देत होती, रिक्षात हसू येत होतं. ते सगळं मी कुठल्या रकान्यात लिहिणार होते?

त्या रात्री लिनन रूममध्ये, चादरींच्या गठ्ठ्यावर बसून, मी दीड वर्षानं बोलले. फार काही नाही. "दोन वाजता येताल ना?" एवढंच. देवाला मी कधी अहो-जाहो केलेलं नाही, पण तोंडातून तसंच निघालं.

इथं संपलं असतं तर मंडळीपुढं साक्ष द्यायला छान झालं असतं. पण मग २०२१ चा एप्रिल आला. माझी निवृत्ती वर्षावर आली होती. पीपीई किटच्या आत आम्ही कुणीच कुणाला ओळखू येत नव्हतो, म्हणून पाठीवर आणि छातीवर मार्करनं नाव लिहायचो. पेशंटना चेहरा दिसायचाच नाही. ते छातीवरची अक्षरं वाचून हाक मारायचे. ऑक्सिजनचे टँकर कधी येणार याची सगळ्या गावाला काळजी. दोन्ही बाजूंच्या बेडवर नातेवाइकांशिवाय माणसं पडलेली, आणि त्या प्रत्येकाचा तोच प्रश्न, मास्कच्या आतून, बोटांनी, डोळ्यांनी. परत येशील ना?

एका मुलाला, पंचविशीतला असेल, मी म्हणाले, "सहा वाजता येते." त्यानं अंगठा वर केला. चार वाजता दुसरीकडं बोलावलं, तिथून तिसरीकडं. मी गेले तेव्हा साडेसात वाजले होते आणि त्या बेडवर चादर बदलत होते.

माझी सगळी समजूत त्या चादरीपाशी अडखळली, आणि अजून तिथं थोडी अडकलेली आहे. मी आले नाही. देव आला होता का? त्या बाबांसारखं त्या पोरानंही म्हटलं असेल का, काहीतरी काम निघालं असेल? मी किट काढायच्या खोलीत घामानं थबथबलेली बसले आणि देवाला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण बोलले. २००९ ला मी गप्प झाले होते. या वेळी गप्प बसले नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्याभरानं लक्षात आलं की मी आईसारखी नावं घ्यायला लागलेय. बेड नंबर नाही, नावं. त्या मुलाचंही घेते. आजही घेते.

मधे आमच्या पाळकसाहेबांनी विचारलं, मंडळीत साक्ष द्याल का, इतक्या वर्षांत विश्वासात कसे वाढलात यावर. तरुण माणूस आहे, हौशी. मी म्हटलं, वाढले का तेच कळत नाही. पूर्वी मला देवाबद्दल खूप गोष्टी ठाम माहीत होत्या, आता दोन-तीनच उरल्यात. ते म्हणाले, मग त्या दोन-तीन सांगा. मी अजून होकार दिलेला नाही. त्याऐवजी हे लिहितेय.

२०२२ ला निवृत्त झाले. आता आई कायमची माझ्याकडं असते. वय त्र्याऐंशीच्या घरात, आणि मेंदूतली पानं गळायला लागलीत. मला कधी सिस्टर म्हणते, कधी तिच्या मेलेल्या जावेच्या नावानं हाक मारते. पहाटे चारची बैठक मात्र सुटलेली नाही. नावं विसरते, मग मी अंथरुणातून पुरवते. ती थांबली की मी एक नाव टाकते, ती ते उचलते आणि पुढं जाते.

मागच्या महिन्यात कापणीचा सण झाला. आता शहरातला, त्यामुळे शेतातलं कमी आणि डेअरीतलं जास्त. केक असतात, ढोकळा असतो, एकीनं तर इन्स्टंट इडलीची पाकिटं आणली होती. टेबलाच्या कोपऱ्यात पैसे भरायला क्यूआर कोड चिकटवलेला. आणि टोपलीत, पाय बांधून, एक गावरान कोंबडी. ठिपक्यांची नव्हती, सरळ तांबडी. लिलाव करणारा पोरगा रंगात आला होता. तीनशे, चारशे. कुणीतरी पाचशेला घेतली आणि म्हणालं, "परत देवाला." पुन्हा बोली लागली. सहाशेला गेली, पुन्हा "परत देवाला." मला आपोआप मागं वळून फळा बघावासा वाटला. तिसऱ्यांदा मी हात वर केला. साडेआठशे. एक वार, दोन वार, तीन वार. सगळे माझ्याकडं बघत होते, मी काय म्हणते म्हणून.

मी म्हटलं, "पिशवी द्या."

फ्लॅटमध्ये कोंबडी ठेवणं किती शहाणपणाचं आहे हे मला वरच्या मजल्यावरच्या काकांनी दोनदा सांगून झालंय. बाल्कनीत खोकं ठेवलंय, त्यात भुस्सा. त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला आईच्या मांडीवर ठेवलं. आईनं सुतळी सोडली, पोटाखाली हात घातला, सवयीनं चाचपून बघितलं.

"अंडी घालती का?"

"अजून नाही."

"घालंल," म्हणाली आणि तिला खाली सोडून दिलं.